भानू आणि बिवलकर : खालापूर तालुक्यांतील दोन आडनांवांची हकीकत

खोपोलीस वीरेश्वराच्या देवळालगत जो प्रशस्त दगडी तलाव आहे, त्याच्या पायऱ्यांवर आम्हीं आपल्या नोकरीच्या काळांत मुलांच्या कितीतरी सहली नेल्या. शिदोऱ्या सोडण्यापूर्वीं आम्ही एक प्रश्न ठरलेला विचारीत असूं. "हा तलाव कोणीं बांधविला?" कर्जत-खालापूरकडील पोरास याचें उत्तर शिकवावें लागत नाहीं. "नाना फडणवीसांनीं!" असा एकच गलका होई. त्यावर आमचा दुसरा प्रश्न असे, "बरें, नानांचें आडनांव काय?" आतां मात्र मुलें हंसूं लागत. प्रश्नांतच उत्तर असतां गुरुजी पुन्हां काय विचारतात, असा त्यांचा भाव. "फडणवीस!" आमच्या आठवणींत पुऱ्या नोकरींत एकाच मुलीनें थांबून, विचार करून, "गुरुजी, तें तर काम झालें" असें उत्तर दिलें. तिला आम्हीं आमच्या डब्यांतला लाडू दिला होता.

तें कामच होय. 'फर्द' म्हणजे कागदाचा सुटा ताव किंवा यादी, आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. हे दोन्ही शब्द फारसी. फर्दनवीसाचा फडणवीस झाला व बोलण्यांत त्याचाहि फडणीस झाला. राज्याच्या जमाखर्चाचे कागद ज्याच्या हातून जात तो हा अधिकारी. चिटणीस, पोतनीस, सबनीस, कारखानीस, पारसनीस हीं सारीं याच टांकसाळींतलीं नाणीं. खुद्द 'पेशवा' हाहि फारसी शब्दच, त्याचा अर्थ पुढें चालणारा. पेशव्यांचें मूळ आडनांव भट. नानांचें नांव बाळाजी जनार्दन आणि आडनांव भानू. ज्या आडनांवाचा पुरुष पुण्याच्या दरबारीं पाव शतकाहून अधिक काळ राज्याचीं सूत्रें हालवीत होता, तें आडनांव आज शंभर सुशिक्षितांपैकीं किती जणांच्या ओठीं येईल, हें वाचकांनीं आपल्याच घरीं जेवणाच्या पंक्तींत विचारून पाहावें.

भानू मूळचे वेळासचे. बाणकोटच्या खाडीच्या मुखाजवळचें हें समुद्रकांठचें गांव हल्लीं रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत असून कासवांच्या पिलांकरितां प्रसिद्धीस आलें आहे. खाडीच्या पैल श्रीवर्धन, तेथें भटांची देशमुखी. सिद्दीच्या जाचास कंटाळून बाळाजी विश्वनाथ भट कोंकण सोडून वर देशावर निघाले, तेव्हां त्यांच्याबरोबर वेळासचे तिघे भाऊ निघाले : हरि महादेव, बाळाजी महादेव आणि रामाजी महादेव भानू. जें कांहीं मिळेल त्यांत आमचाहि वांटा, मग ती चतकोर भाकर कां असेना, असा त्यांच्यांत करार झाल्याची आख्यायिका आहे. भाकरीची गोष्ट खरी असो वा नसो, पुढें भटांस पेशवाई मिळाली व भानूंच्या घरांत फडणिशी आली हें खरें. त्या चतकोराचें मोल मात्र भानूंनीं जबर दिलें. १७१९ सालीं बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले असतां तेथें जो दंगा उसळला, त्यांत बाळाजी महादेव भानू मारले गेले. त्यांचे पुत्र जनार्दनपंत व जनार्दनपंतांचे पुत्र नाना. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याच्या रीतीनें हेहि बाळाजीच झाले. १७५६ सालीं वडील वारले, तेव्हां फडणिशीची लेखणी चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं आली. पानिपताहून हा मुलगा जिवंत परतला. त्याची आई परतली नाहीं.

असो. आम्हांस नानांचें चरित्र सांगावयाचें नाहीं, तें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस पाहावयाचें आहे तें एवढेंच कीं एखादें आडनांव विरळ होतें तें कसें. भानूंच्या बाबतींत पहिलें कारण अधिकार हेंच. ज्या शाखेंत फडणिशी गेली, तिच्या अंगावर तो अधिकार वज्रलेपासारखा बसला व खालचें नांव झांकलें गेलें. भरीस भर म्हणून १३ मार्च १८०० रोजीं नाना वारले, तेव्हां त्यांच्या मागें पुत्र नव्हता. होती ती वयानें अगदीं लहान अशी पत्नी जिऊबाई. वाईजवळ मेणवलीस कृष्णेच्या घाटावर नानांचा वाडा आहे, तेथें पुढें दत्तकानें घराणें चाललें. पण चाललें तें फडणिसांचें म्हणून. ज्या भानूंस अधिकार लाभला नाहीं, ते मात्र भानूच राहिले. फर्ग्युसन महाविद्यालयांतील अध्यापक व ग्रंथकार चिंतामण गंगाधर भानू हे त्या आडनांवाचे एक ठळक पुरुष. त्यांचा काळ १८५६ ते १९२९. कीर्तीनें आडनांव गिळलें आणि अप्रसिद्धीनें तें जपलें, असा हा उलटा न्याय आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. फडणीस प्रत्येक दरबारीं असे, प्रत्येक सुभ्यांत असे, किल्ल्यावरहि असे. त्यामुळें एकमेकांशीं कुळानें, गोत्रानें, फार काय जातीनेंहि संबंध नसलेलीं घराणीं आज फडणीस म्हणून नांदत आहेत. एका नांवाखालीं अनेक कुळें, आणि एका कुळाचीं अनेक नांवें. नुसतीं नांवें मोजून कुळांची गणना करूं पाहणारा मनुष्य दोन्हीकडून फसतो.

आतां खोपोलीहून थोडें पुढें महड येथें जाऊं. हें अष्टविनायकांपैकीं वरदविनायकाचें स्थान. (सावित्रीकांठचें महाड तें निराळें. मुंबईकडील पाहुणे नांवाच्या साम्यामुळें भलत्याच गाडींत बसतात, म्हणून सांगितलें.) देवळामागील तळ्यांत १६९० सालीं मूर्ति सांपडली व १७२५ सालीं सुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनीं देऊळ बांधविलें, असें तेथें परंपरेनें सांगतात. गणपतीच्या दर्शनास येणारे हजारों लोक हें वाक्य ऐकतात. त्यांतले बहुतेक जण बिवलकर हें आडनांव त्यापूर्वीं कधीं ऐकलेलें नसलेले, आणि पुन्हां ऐकणार नसलेले. सुभेदारी मिळूनहि या घराण्याचें आडनांव सुभेदार झालें नाहीं, बिवलकरच राहिलें. आंगऱ्यांच्या कुलाब्याच्या दरबारींहि बिवलकरांचें नांव दिवाणगिरीच्या संबंधानें येतें, तेथेंहि तें दिवाण होऊन गेलें नाहीं. एकाच तालुक्यांत हीं दोन दगडी कामें. एकाच्या कर्त्याचें आडनांव अधिकारांत बुडालें, दुसऱ्याचें अधिकारावर तरंगलें.

बिवलकर म्हणजे बिवलीचे. चिपळूण तालुक्यांत बिवली गांव आहे व तेथील लक्ष्मीकेशवाची मूर्ति पाहण्यासारखी आहे. चित्तपावनांच्या चौदा गोत्रांतील साठ आडनांवांची जी जुनी यादी सांगतात, तींत साठे, ओक, बापट, लेले, गोखले, लिमये, नेने, परांजपे अशीं नांवें आहेत. 'कर' शेवटीं असलेलें नांव शोधूं गेल्यास हातीं लागत नाहीं. हीं गांवांवरून पडलेलीं नांवें मागाहूनचीं, कुळें गांव सोडून पांगूं लागलीं त्या काळचीं. याचें मर्म पाणिनीनें फार पूर्वीं ओळखलें होतें. स्थानावरून मनुष्यास नांव कसें मिळतें हें सांगतांना तो 'निवास' आणि 'अभिजन' असे दोन भेद करितो. स्वतः जेथें राहतो तो निवास. पूर्वज जेथें राहत तो अभिजन. आमचें 'कर' बहुतेक अभिजनाचें असतें. बिवलींत राहणाऱ्यास कोणी बिवलकर म्हणणार नाहीं, कारण तेथें सगळेच बिवलीचे. तो घाट चढून वर गेला, खाडी ओलांडून अलिबागेकडे आला, म्हणजे मग लोकांनीं विचारावें, "कोण हो हे?" आणि उत्तर मिळावें, "हे बिवलीचे." कर्जतांत कर्जतकर, नेरळांत नेरळकर, दहिवलींत दहिवलकर हुडकणारा म्हणूनच निराश होतो. ज्या दिवशीं गांव सुटतें, त्या दिवशीं तें नांवास चिकटतें.

मात्र आडनांव न लिहिल्यानें काय गोंधळ होतो, त्याचा नमुना या दोन घराण्यांतच आहे. वर वेळासच्या तीन भावांपैकीं एकाचें नांव आम्हीं रामाजी महादेव असें दिलें. महडचें देऊळ बांधविणारे सुभेदारहि रामाजी महादेवच. पेशवाईच्या कागदांत स्वतःचें नांव व बापाचें नांव एवढेंच लिहिण्याची चाल, आडनांव क्वचित्. १७५५ सालीं तुळाजी आंगऱ्यांविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशीं ज्यांनीं तह ठरविला ते कोंकणचे सुभेदार रामाजी महादेव हे बिवलकर. फडणिशीच्या आरंभींच्या काळांत ज्यांचें नांव येतें ते रामाजी महादेव हे भानू. दोघेहि कोंकणस्थ, दोघेहि पेशव्यांचे, दोघांच्याहि बापाचें नांव महादेव, आणि काळहि एकमेकांस लागून. ज्या कागदांत पुढें कांहींच लिहिलेलें नाहीं, तो कोणाच्या पदरीं घालावा? इतिहाससंशोधकांचें डोकें अशा ठिकाणीं दुखूं लागतें. वि. का. राजवाडे यांनीं गांवांचीं, मनुष्यांचीं व आडनांवांचीं नांवें एवढ्या कष्टानें कां गोळा केलीं, हें या एका उदाहरणावरून कळावें.

वाचक विचारतील कीं, आज भानू किती व बिवलकर किती? याचें उत्तर कोणत्याहि सरकारी पुस्तकांत मिळत नाहीं. आपल्या देशांत शिरगणती होते, १९३१ पर्यंतच्या गणतींत जातवारीहि सविस्तर छापली जाई. पण आडनांवांचें कोष्टक शिरगणतीनें कधीं छापलें नाहीं. आपल्याकडे हें काम कुलवृत्तांतकारांनीं पोस्टकार्डें पाठवून, देवस्थानें हिंडून, पदरमोड करून केलें. पण कुलवृत्तांत मोठ्या कुळांचे निघतात. ज्यांचीं घरेंच थोडीं, त्यांच्यांत लिहिणारा कोठून यावा आणि छपाईचा खर्च कोणीं सोसावा?

आडनांवें कमी कां होतात, याविषयीं विलायतेंत एक मौजेचा विचार झाला आहे. फ्रान्सिस गाल्टन नांवाच्या विद्वानानें १८७३ सालीं असा प्रश्न घातला कीं, नामांकित घराणीं पुढें नाहींशीं होतात तीं कांहीं दोषामुळें, कीं नुसत्या योगायोगानें? हेन्री वॉटसन या पाद्री गणित्यानें त्याचें गणित मांडलें. त्याच्या उत्तरांत चूक होती व ती पुढें दुरुस्त झाली; पण रीत उत्तम होती. आपण तें सोप्या रूपांत करूं. एका गांवांत १०० निरनिराळ्या आडनांवांचीं १०० घरें आहेत. समजा, निम्म्या घरांत वंश चालविणारा मुलगा नाहीं व निम्म्या घरांत दोन दोन मुलगे आहेत. घरांची एकंदर संख्या १०० ची १०० च राहिली. पण आडनांवें? पहिल्या पिढीअखेर ५० उरलीं. दुसऱ्या पिढीअखेर सुमारें ३७. तिसऱ्या पिढीस सुमारें ३०. पणजोबांच्या वेळचीं शंभर नांवें पणतवांच्या वेळीं तिसांवर आलीं. यांत कोणा कुळाचा शाप नाहीं कीं कोणाचें पाप नाहीं. विरळ आडनांवाच्या घरांत मुलगा झाला नाहीं म्हणून सुनेस बोल लावणाऱ्या सासवा आमच्या पिढीनें पाहिल्या आहेत. त्यांस हें गणित कोणीं सांगितलें असतें तर बरें झालें असतें. आणि तसें पाहिलें तर कुळ बुडालें असें तरी कोठें होतें? लेकींच्या पोटीं तें नांदतच असतें. बुडतें तें लिहिण्यांतलें नांव.

लिहिण्यांतलें नांव ही फार जुनी गोष्ट नव्हे. आडवाट, आडगांव यांतील जो 'आड', तोच आडनांवांतला. म्हणजे मुख्य नव्हे, बाजूचें. शाळा, कचेरी, पलटण व न्यायालय यांच्या वह्यांत रकाना आला, तेव्हां सर्वांस तो भरणें भाग पडलें. जपानांत १८७५ सालीं व तुर्कस्थानांत १९३४ सालीं कायदा करून प्रत्येकास आडनांव घ्यावयास लाविलें. आमच्याकडे तसा कायदा झाला नाहीं. आमच्याकडे तें काम मास्तरांनीं केलें.

आणि येथें आम्हांस आपली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

सन १९९० च्या सुमारास कर्जत तालुक्यांतील डोंगराकडच्या एका शाळेंत आम्ही होतों. जूनच्या पावसांत एक कातकरी बाप आपल्या मुलास घेऊन आला. अंगावर इरलें, पाय चिखलानें भरलेले. पोरगें बापाच्या मागें लपत होतें. आम्हीं जनरल रजिस्टर पुढें ओढलें. मुलाचें नांव लिहिलें, बापाचें लिहिलें, व विचारलें, "आडनांव?" तो म्हणाला, "हिलम." आम्हीं पुन्हां विचारलें. तो पुन्हां म्हणाला, "हिलम." असा शब्द आम्हीं कधीं ऐकला नव्हता. त्याचा धातु कोणता, प्रत्यय कोणता, कांहींच लागेना. आमच्या मनांत आलें कीं यास प्रश्नच कळला नाहीं. बाहेर आणखी दहा माणसें खोळंबलीं होतीं. आम्हीं आडनांवाच्या रकान्यांत 'कातकरी' असें लिहिलें व पुढच्यास बोलाविलें.

कातकऱ्यांत वाघमारे, मुकणे, पवार, जाधव यांसारखीं कुळें आहेत, तसेंच हिलम हेंहि एक कुळ आहे, हें आम्हांस पुढें कळलें. रायगड व ठाणें जिल्ह्यांतील वाड्यांवर तें सर्वांच्या परिचयाचें आहे. अपरिचित होतें तें आम्हांस. ज्या मास्तरानें खोपोलीच्या तलावावर भानू या नांवावर अर्धा तास व्याख्यान द्यावें, त्यानें समोर उभ्या असलेल्या मनुष्याचें आडनांव त्याच्याच तोंडून दोनदां ऐकून लिहूं नये!

त्याचा परिणाम दहाबारा वर्षांनीं दिसला. मुलगा हुशार निघाला, दहावी झाला, व औद्योगिक शिक्षणाकरितां अर्ज करूं लागला. तेव्हां अडचण अशी उभी राहिली कीं बापाच्या शिधापत्रिकेवर हिलम आणि मुलाच्या दाखल्यावर कातकरी. मग हे दोघे बापलेक कशावरून? प्रतिज्ञापत्र झालें, तालुक्याच्या खेपा झाल्या, रजिस्टरांतील दुरुस्तीस वरची मंजुरी लागते म्हणून तिकडे अर्ज गेला. बापानें मजुरीचे दिवस बुडविले. त्या वर्षींची प्रवेशाची मुदत टळून गेली व मुलगा वीटभट्टीवर कामास गेला. आम्हांस हें समजलें, तें दुरुस्तीच्या कागदावर साक्ष म्हणून आमची सही पाहिजे होती तेव्हां. आमची बदली दुसरीकडे झाली होती. आम्ही त्या शाळेंत गेलों, जुनें रजिस्टर काढविलें. पानावर आमचेंच अक्षर. आम्हांस आपल्या वळणदार अक्षराचा अभिमान असे. "मीं ऐकलें तें लिहिलें नाहीं, मला वाटलें तें लिहिलें," असें आम्हीं त्या बापास सांगितलें. तो म्हणाला, "ऱ्हाऊं द्या गुरुजी, लिवलं तरी कोनी." पुढच्या वर्षीं मुलास प्रवेश मिळाला.

मुख्य गोष्ट आटोपली. थोडें शेष आहे. मुलांच्या नांवांत आईचें नांव घालावें, असें महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं ठरविलें : आधीं मुलाचें नांव, मग आईचें, मग वडिलांचें, शेवटीं आडनांव. त्या वर्षींच्या जूनांत एक गृहस्थ आपल्या मुलीस पांचवींत घालण्याचा अर्ज घेऊन आमच्या घरीं आला. हातास वायरींच्या कामाचे घट्टे, खिशास टेस्टर अडकविलेला. आम्हीं त्यास ओळखलें नाहीं. त्यानेंच ओळख दिली. अर्ज भरून झाला होता. मुलीचें नांव, तिच्या आईचें नांव, त्याचें स्वतःचें नांव त्यानें नीट अक्षरांत लिहिलें होतें. शेवटचा रकाना तेवढा कोरा होता.

"गुरुजी," तो म्हणाला, "हि ऱ्हस्व काढायची कीं दीर्घ? शाळेंत विचारलं तर म्हणाले कशीहि चालेल."

आम्हीं चष्मा पुसला, दुरुस्तीच्या जुन्या कागदाची प्रत त्याच्याकडे आहे काय म्हणून विचारलें. ती त्यानें प्लास्टिकच्या पिशवींत घालून आणलीच होती. तींत पाहून आम्हीं ऱ्हस्व काढली, आणि पुढचीं दोन अक्षरें त्या मुलीस लिहावयास सांगितलीं.